परत न आलेल्या वस्तू

नीबियाने कागदावरचा तिसरा स्वल्पविराम खोडला आणि पेन्सिल टेबलावर आडवी ठेवून वडिलांकडे पाहिलं.

"पापा, एका वाक्यात तीनदा दम घेतलायस. पळत पळत लिहिलंस का?"

"मोठ्यानं वाच," एल्बिओ म्हणाला. त्याने थर्मास काखेत धरला होता आणि भोपळ्याच्या पेल्यातल्या यर्बावर, त्या कडवट पाल्याच्या चहावर, तो सावकाश गरम पाणी सोडत होता. "मोठ्यानं वाचलं की दम कुठे लागतो ते कळतं."

तिने वाचलं, "'फोटो लावलेलं कार्ड छापायला दिलं की फोटो आडवा यायचा. चूक माझी होती. आता येत नाही.'"

"बरोबर आहे की."

"बरोबर आहे. फक्त दर वेळी 'चूक माझी होती' लिहायलाच हवं का? लोकांना फोटो उभा मिळाल्याशी मतलब."

"चूक कुणाची ते नाही लिहिलं तर लोक स्वतःची समजतात. मेलो गावचा तो ढोरांचा डॉक्टर आडव्या गाई बघून महिनाभर मान वाकडी करून बसला होता. त्याला वाटलं, यंत्र आपणच बिघडवलं."

मिनास गावातल्या या स्वयंपाकघरात बसून एल्बिओ कुर्बेलो तीस वर्षं एकच प्रोग्रॅम लिहीत आला होता. नाव ओर्नेरो. कुंपणाच्या खांबावर चिखलाचं घरटं बांधणारं, घरट्याच्या आत पुन्हा एक भिंत घालणारं ते तांबूस पाखरू, त्याचं नाव. कार्डांची कपाटं असतात ना जुन्या कचेऱ्यांत, तसं हे संगणकातलं कपाट होतं. त्याच्या खणांत ज्याला जे ठेवायचं ते तो ठेवी. मेलोच्या डॉक्टरने गाई ठेवल्या होत्या, एका मठातल्या जोगिणींनी त्यांची पुस्तकं, रोचाच्या किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्याने आयुष्यभर वेचलेले शिंपले. नवी आवृत्ती तयार झाली की काय बदललं ते एल्बिओ एका कागदावर लिही आणि तो कागद मुलीकडे जाई. ती मोंतेविदेओत एका प्रकाशनाकडे मुद्रितं तपासायची. पुस्तकांत जन्म चालला होता तिचा, आणि वीस वर्षं बापाचे स्वल्पविराम खुडण्यातही. प्रोग्रॅम मात्र तिने कधी नीट उघडला नव्हता. ती त्याला 'तुझं पाखरू' म्हणायची.

"आणि हे शेवटचं?" तिने कागद उलटा करून विचारलं. "'महिनाअखेरीस येणाऱ्या नव्या यंत्रणेवर ओर्नेरो उघडेल.' एवढंच? दोन महिने खपलास ना त्याच्यावर."

"उघडेल म्हटलं म्हणजे सगळं आलं."

दर वसंतात, म्हणजे तिकडच्या सप्टेंबरात, हेच व्हायचं. संगणक बनवणारी दूरदेशची कंपनी आपली नवी यंत्रणा सोडायची, ती लोकांच्या यंत्रांत आपोआप येऊन बसायची आणि जुना ओर्नेरो तिच्यावर उघडायचा नाही. उघडला नाही म्हणजे आतली कार्डं आतच. एल्बिओ म्हणायचा, ते लोक आपल्या घराखालची जमीन काढून घेतात आणि नवी सरकवतात, तेवढ्यात आपण भिंती उचलून धरायच्या.

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. त्याने स्वतःपुरती बनवलेली एक साधी खिडकी उघडी होती. तिच्यात दोन बटणं होती आणि खाली मजकुरासाठी एक अरुंद चौकट.

"डावं ओर्फिलियाला. उजवं सगळ्यांना. डाव्याच्या आधी उजवं कधी दाबायचं नाही."

"आणि दाबलं तर?"

"तर ती आयग्वाहून पहिल्या बसनं येऊन मला मारेल."

"आणि ही चौकट?"

"ही निरोपाची. इथे लिहिलं की ओर्नेरो उघडताक्षणी प्रत्येकाला दिसतं. गेल्या उन्हाळ्यात लिहिलं होतं, 'पंधरा दिवस समुद्रावर आहे, तोवर काही मोडू नका.'"

"मोडलं?"

"जोगिणींनी मोडलं."

तेवढ्यात फोन वाजला. एल्बिओने तो उचलून टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला, म्हणजे हात यर्बाला मोकळे.

"कुर्बेलो, उद्या आहे ना नक्की?" आवाज म्हातारा होता, पण खणखणीत.

"उद्या, दोन्या ओर्फिलिया. नऊ वाजता."

"नऊनंतर. आधी रेडिओवर कोण कोण गेलं ते ऐकते, मग तुमचं गाऱ्हाणं. मागच्या वेळी पावणेनऊला फोन केलात आणि माझं एक दफन हुकलं."

"तुमचं नव्हतं ना? मग झालं."

"माझं असेल तेव्हा कोण बघणार तुमच्या पाखराकडे? तुम्ही? तुम्ही तर त्याला आडव्या गाई घालायला शिकवलंत."

नीबिया हसली. पलीकडून लगेच प्रश्न आला, "कोण हसतंय? पोरगी आलीय वाटतं. पोरी, बापाला सांग, घरात एक तरी माणूस हसरं ठेवावं. आणि कुर्बेलो, उद्याची कुबडी काढून ठेवलीय."

"तीस वर्षं कुबड्या देताय मला."

"आणि तुम्ही अजून दोन पायांवर चालताय. कृतघ्न माणूस."

ओर्फिलिया सिल्वेरा, सगळ्यांची 'दोन्या' म्हणजे बाई, आयग्वा गावात, चर्चच्या मागच्या खोलीतून लोकांना कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, आजाऱ्याच्या खाटा वापरायला द्यायची. कुणाचा पाय मोडला, कुणाची आई अंथरुणाला खिळली, की माणूस तिच्या दारात. गरज संपली की वस्तू परत. कुठली खाट कुठल्या घरात आहे ते सगळं ओर्नेरोत. एल्बिओची नवी आवृत्ती आली की ती आपल्या नोंदींची एक नक्कल काढायची आणि त्या नकलेवर प्रयोग करायची. पहिलं कार्ड ठरलेलं: एक कुबडी, घेणार कुर्बेलो एल्बिओ. मग तासभर ती त्या आवृत्तीला छळायची. नको तिथे अक्षरं, नको तिथे आकडे, छपाई चालू असताना खटका बंद. सगळ्यातून पाखरू तगलं, तर शेवटी कुर्बेलोची कुबडी 'परत' म्हणून नोंदवायची आणि फोनवर एक शब्द बोलायची: पाठवा. त्यानंतरच एल्बिओ उजवं बटण दाबायचा.

फोन ठेवल्यावर एल्बिओने डबा हलवून पाहिला.

"यर्बा संपला. सकाळी आणशील? कोपऱ्यावरचा, निळ्या पाकिटातला. दुसरा आणू नकोस, त्यात नुसत्या काड्या असतात."

"आणेन. दुपारची बस आहे माझी."

"मग नऊला थांब. ओर्फिलिया कशी छळते ते बघून जा. आजवर कधी बघितलं नाहीस."

"बघते," ती म्हणाली, आणि कागद स्वच्छ उतरवून काढायला घेतला.

सकाळी ती निळं पाकीट घेऊन परतली तेव्हा किटली शिट्टी घालत होती आणि ती उतरवायला कोणी उठलं नव्हतं. एल्बिओ खुर्चीत नेहमीपेक्षा जरा जास्त कलला होता. तिने आधी गॅस बंद केला. नंतर कितीतरी दिवस तिला हेच आठवत राहिलं, की आधी तिने गॅस बंद केला.

पुढचं सगळं इल्दा आत्याने केलं. ती चार घरं टाकून राहायची. एल्बिओची थोरली बहीण, रडायची ती कामं उरकता उरकता रडायची. डॉक्टर, दफनभूमी, रेडिओ, फ्लोरिदा गावचे चुलतभाऊ, सगळीकडे तिनेच फोन केले. दुसऱ्या दिवशी दुपारी एल्बिओला बायकोशेजारी ठेवून लोक परत आले, त्यांनी सँडविचं खाल्ली, नीबियाचे खांदे दाबले. प्रत्येकजण येताना ती गोष्ट स्वतःच बोलत आत यायचा, त्यामुळे तिला ती बोलावी लागली नाही. ती मान हलवायची. प्रकाशनाला तिने दोन ओळींची चिठ्ठी पाठवली: घरी अडचण आहे, रजा वाढवावी.

शनिवारी एल्बिओचा फोन वाजू लागला.

"एल्बिओ आहेत का? मी मेलोहून बोलतोय. नवी यंत्रणा येतेय म्हणतात, आपलं पाखरू तयार आहे ना?"

"आत्ता नाहीत," नीबिया म्हणाली.

"कधी येतील?"

"मी निरोप ठेवते."

आत्या दारात उभी होती. हातात पुसायचं फडकं.

"आत्ता नाहीत म्हणजे काय गं?"

"आत्या, मी सांगेन."

"केव्हा? तो माणूस उद्या परत फोन करेल."

"सांगेन म्हटलं ना."

त्याने दुसऱ्या दिवशी परत फोन केला. शिंपलेवाल्या म्हाताऱ्यानेही केला. म्हणाला, मी एक्याऐंशीचा आहे, मला दुसरा प्रोग्रॅम शिकायला लावू नका, त्यापेक्षा शिंपले समुद्रात टाकतो. जोगिणींनी पत्र पाठवलं, आम्ही नव्या आवृत्तीसाठी प्रार्थना करतो आहोत. नीबिया प्रत्येकाला म्हणाली, आत्ता नाहीत. रात्री अंथरुणात पडल्यावर ती ते दुसरं वाक्य मनात जुळवायची. कर्ता, क्रियापद, तारीख. हजारो पानांत इतरांची असली वाक्यं तिने तपासली होती, कुठे शब्द जास्त, कुठे कमी. स्वतःचं एक तोंडाशी येऊन थांबायचं.

पुढच्या गुरुवारी नऊ वाजून गेल्यावर ती लॅपटॉपसमोर बसली. खिडकी तशीच होती: दोन बटणं, खाली चौकट. काम झालेलं आहे, तिने स्वतःला समजावलं. 'उघडेल म्हटलं म्हणजे सगळं आलं.' राहिला आहे तो एक फोन. तिने डावं बटण दाबलं आणि आयग्वाचा नंबर फिरवला. 'आत्ता नाहीत, मला करायला सांगितलंय' हे वाक्य ओठांवर तयार होतं.

घंटा वाजत राहिली. मग फोन उचलला गेला, आणि मागचा रेडिओ कोणीतरी हळू केला.

"दोन्या ओर्फिलिया? मी नीबिया. एल्बिओची..."

"बोल, पोरी."

"नवी आवृत्ती पाठवलीय. तुम्ही बघता ना, नेहमीसारखी?"

"आली बघ. बसते. तू फोन ठेवू नकोस, कुर्बेलो ठेवत नसे. मी शिव्या देत असते, तेव्हा कुणीतरी ऐकायला लागतं."

तयार ठेवलेलं वाक्य लागलंच नाही. नीबियाने पाय खुर्चीवर घेतले आणि फोन मांडीवर ठेवला. पलीकडून बटणांची टकटक ऐकू येऊ लागली.

"उघडलं," ओर्फिलिया म्हणाली. "नव्या यंत्रणेची आगाऊ प्रत माझ्या भाच्यानं घालून दिलीय या दुसऱ्या यंत्रावर, आणि त्यावर उघडलं. बाप हुशार तुझा. आता कुबडी." थोडा वेळ थांबली. "कुबडी एक. घेणार, कुर्बेलो एल्बिओ. तारीख आजची. परत आल्याची तारीख, रिकामी."

टकटक थांबली.

"हे काय?"

"काय झालं?"

"मी रिकामी ठेवली, आणि हा म्हणतोय परत आली. थांब हं." पुन्हा टकटक, जास्त जोरात. "फाबियानाची खाट परत आली. अगं, सकाळी मी त्या खाटेवर बसून तिच्या आईला सूप पाजून आलेय. पेद्रेराची खुर्ची परत आली. धरून चालायचा घोडा परत आला. सगळं परत आलंय, पोरी, माझं कोठार नुसतं भरून गेलंय. आणि कधी म्हणतेस? सगळं एकाच दिवशी. चौदा जून एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. वेळसुद्धा लिहितोय, सकाळी सहा चाळीस. अठ्ठ्याहत्तर साली मी कुबड्या वाटत नव्हते, मी नाचायला जात होते."

नीबियाने पाय जमिनीवर टेकवले.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. पुन्हा एकदा वाचता? तारीख."

ओर्फिलियाने पुन्हा वाचली. वेळेसकट. नीबियाने ती कागदावर लिहून घेतली नाही.

"हे नाही पाठवायचं," ओर्फिलिया म्हणाली. आवाजातली थट्टा गेली होती. "उद्या कुणाची आजी पडली आणि मी म्हटलं खाट कोठारात आहे, आणि कोठारात काही नाही, तर? माझं एक वेळ सोड, मी डोळ्यांनी बघून सांगेन. त्या डॉक्टराच्या गाईंना कुठली लस दिली आणि कुठली राहिली हे त्याला पडदाच सांगतो. सगळ्या दिलेल्या दिसतील."

"मी बघते कोणाकडून तरी."

"बघ," ओर्फिलिया म्हणाली, आणि ते नीट होईल असं काही ती म्हणाली नाही.

मौरो रीस्सो हा एल्बिओचा जुना मित्र, तरुणपणी दोघं एकाच कचेरीत कामाला होते. दफनाला तो आला होता आणि काही लागलं तर सांग असं म्हणून गेला होता. लोक म्हणतात तसं नव्हे, खरंच. नीबियाने त्याला सगळं पाठवलं. त्याने चार दिवस घेतले, आणि सोमवारी दुपारी फोन केला.

"सांगतो, समजून घे. कार्डात एखादी तारीख रिकामी असते, म्हणजे वस्तू अजून परत यायची आहे. बरोबर? आम्ही सुरुवात केली तेव्हा यंत्राला रिकामी जागा ठेवता यायची नाही. काहीतरी तारीख द्यावीच लागायची. मग आम्ही काय करायचो, अशी एक तारीख घालायचो की जी कोणी माणूस हातानं लिहिणार नाही, आणि प्रोग्रॅमला सांगायचो, ही दिसली की झाक, पडद्यावर कोरं दाखव. मी नुसती शून्यं घालायचो. कोणी नऊ घालायचे. तुझ्या बापानं ही घातलीय. मिनिटापर्यंत."

"म्हणजे ती कायम तिथे होती?"

"तीस वर्षं. प्रत्येकाच्या कपाटात, प्रत्येक रिकाम्या खणात. फक्त दिसत नव्हती. आता नव्या यंत्रणेसाठी त्यानं अर्धं घर नव्यानं बांधलं, त्यात काही ठिकाणी ते झाकण राहून गेलं."

"मग तेवढं घाल ना."

मौरोने श्वास सोडला.

"घालून पाहिलं. एकीकडे झाकलं तर दुसरीकडे खऱ्या तारखा पुसल्या गेल्या. प्रयोगाच्या नकलेवर, घाबरू नकोस. पुन्हा पाहिलं, तर छपाई गेली. नीबिया, हे एका माणसाचं घर आहे. कुठल्या भिंतीवर छप्पर आहे आणि कुठली नुसती उभी आहे, ते त्यालाच ठाऊक. मला सहा महिने लागतील, आणि यंत्रणा येतेय पुढच्या आठवड्यात. लोकांच्या नोंदींवर शिकाऊ हात चालवायची माझी हिंमत नाही. त्यानं चालवू दिला नसता."

"नसताच दिला."

"एक विचारू? सहज म्हणून. चौदा जूनला काय होतं? वर्ल्ड कप चालू होता तेव्हा, पण आपला देश तर त्यात नव्हताच. मी चार दिवस तेच डोक्यात घोळवतोय."

नीबिया खिडकीबाहेर बघत होती. कुंपणाच्या खांबावर ओर्नेरोंची जोडी होती, एक चिखल आणत होता, दुसरा उगाच ओरडत होता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी ती उजव्या बटणावर बोट ठेवून बसली. दाबलं तर सगळ्यांची यंत्रं सांगतील की सगळं परत आलं. नाही दाबलं तर यंत्रणा येईल आणि कपाटं उघडणारच नाहीत. तिसरं काही तिच्या हातात नव्हतं. तिने बोट काढलं. मेलोच्या डॉक्टराचा फोन वाजून वाजून थांबला. आत्या आली, तिने टेबलावर चीज आणि मेंब्रिओच्या फळाची गोड वडी ठेवली, खुर्चीच्या पाठीवरचा एल्बिओचा स्वेटर उचलला, घडी केली, आणि परत तिथेच ठेवला.

"काय लिहितेयस?"

"निरोप. सगळ्यांना दिसेल असा."

"लिही बाई," आत्या म्हणाली. "तेवढं तरी तुला येतं."

गुरुवारी नऊनंतर तिने आयग्वाला फोन केला. या वेळी पहिल्या घंटेला उचलला गेला. मागे रेडिओवर कुणी पुरुष सावकाश नावं वाचत होता. आज यादी लांबली होती.

"मौरोला नाही जमलं," नीबिया म्हणाली.

"मला वाटलंच. मी जुन्या यंत्रावर जुनी आवृत्ती उघडून सगळं छापून घेतलंय. दोन दिवस गेले, शाई संपली, भाच्याला पळवलं. कोण कुठल्या खाटेवर आहे ते सगळं कागदावर आहे आता." मग जरा थांबून म्हणाली, "कुर्बेलोची कुबडी हातानं लिहिली खाली. जमा नाही केली. राहू दे."

नीबियाने कागद पुढे ओढला.

"निरोप लिहिलाय. आवृत्ती नाही, नुसता निरोप. पाठवायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवावा म्हटलं."

"वाच मोठ्यानं."

"'प्रिय मित्रहो, काही अपरिहार्य कारणांमुळे ओर्नेरोची नवी आवृत्ती सध्या उपलब्ध करून देता येत नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल...'"

"थांब. हे कुणी लिहिलं?"

"मी."

"तू पुस्तकं तपासतेस ना? लोक पैसे देतात ना तुला त्याचे?"

"देतात."

"मग अपरिहार्य कारण म्हणजे काय ते सांग मला. पूर? दरोडा? मेलोच्या डॉक्टरानं हे वाचलं की तो परत मान वाकडी करून बसेल, आपलंच काही चुकलं म्हणून. तुझा बाप तीन गोष्टी लिहायचा. काय मोडलंय. कुणाकडून मोडलंय. आता पुढे काय. चौथं लिहीत नसे."

"दोन्या ओर्फिलिया, मला ते..."

"जमत नाही, माहीत आहे. रेडिओवर नाव ऐकलंय मी. मी इथेच आहे, मला कुठे जायचं नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग एक खटका, आणि नावं वाचणारा पुरुष मध्येच बंद झाला. रेडिओ बंद झाल्यावर आयग्वाची खोली आणि मिनासची खोली, दोन्हींत सारखी शांतता होती. नीबियाने पेन्सिल उचलली आणि पुन्हा ठेवली. हातातला कागद उपयोगाचा नव्हता. तिने तो उलटा करून टेबलावर दाबून धरला आणि समोरच्या भिंतीकडे बघून बोलायला सुरुवात केली.

"नव्या आवृत्तीत एक दोष आहे. जी वस्तू परत आलेली नाही, ती चौदा जून एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरला सकाळी सहा चाळीसला परत आली असं दिसतं. ते खरं नाही. म्हणून ती आवृत्ती पाठवत नाही. यंत्रणा बदलायच्या आधी तुमची कार्डं जुन्या आवृत्तीतून छापून घ्या. नंतर ती उघडणार नाहीत."

"हं," ओर्फिलिया म्हणाली. "कुणाकडून मोडलं?"

"ती माझ्या जन्माची वेळ आहे." तिने कागद आणखी घट्ट दाबून धरला. "ती तिथे माझ्या वडिलांनी ठेवली होती. एल्बिओ कुर्बेलो, माझे वडील, बारा सप्टेंबरला सकाळी या घरात वारले. ती तिथून काढू शकेल असं आता कोणी नाही."

ओर्फिलियाने कधी, कसे, काही विचारलं नाही.

"पाठव," ती म्हणाली.